दूरवैद्यक सेवा आणि तरुण डॉक्टरांचे प्रशिक्षण

जमाखर्च, नवीन यंत्रसामग्री आणि देणगीदारांची नामावली यांबरोबरच रुग्णालयात चालणाऱ्या एखाद्या कामाची सविस्तर माहिती वार्षिक अहवालात देण्याची आपली प्रथा आहे. यंदा आम्ही ज्या कामाविषयी लिहीत आहोत, त्याची नोंद ताळेबंदातील मालमत्तेच्या रकान्यात कोठेही सापडणार नाही. रुग्ण समोर नसताना दूरध्वनीवरून अथवा पडद्यावर पाहून द्यावयाचा वैद्यकीय सल्ला, ज्याला दूरवैद्यक किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात टेलिमेडिसिन म्हणतात, तो आता नवलाचा राहिलेला नाही. मात्र सल्ला देणाऱ्या डॉक्टरला हे काम कोणी आणि कसे शिकवले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आम्हीही तो बराच काळ विचारला नव्हता. विचारण्याची वेळ का आली, हे पुढे येईलच. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने यातील वैद्यकीय बाबी आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांकडून समजावून घेऊनच येथे मांडल्या आहेत.

परळहून जिल्ह्यांकडे

हिंदमाता परिसर बाहेरच्या लोकांना साड्यांच्या व कापडाच्या दुकानांमुळे आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यामुळे ठाऊक असतो. रुग्णांना मात्र तो वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. 1926 साली सुरू झालेले केईएम रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, 1941 साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आणि वाडिया रुग्णालये ही सर्व येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते, आणि तेथे जागा न मिळालेल्यांना पदपथावर पथारी पसरावी लागते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आमच्यासारख्या छोट्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाट्याला यातील एक विशिष्ट वर्ग येतो. लालबाग-परळच्या चाळींत आयुष्य काढलेली, जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर किंवा पुढे निवृत्तीनंतर गावी परतलेली ही कुटुंबे आहेत. माणसे कोकणात वा घाटावर गेली, पण त्यांची केसपेपरची पिशवी मुंबईशीच बांधलेली राहिली. मधुमेहाची गोळी बदलायची की नाही, एवढे विचारण्यासाठी सावंतवाडीहून रात्रभर प्रवास करून पहाटे दादरला उतरणारी, आमच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे बसून पुन्हा रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडणारी वृद्ध मंडळी आम्ही कित्येक वर्षे पाहिली आहेत. टेलिमेडिसिनची गरज समजण्यासाठी आम्हाला कोणत्याही परिसंवादास जावे लागले नाही.

ही कल्पना आपल्या परिसराला नवी नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने 2001 पासून उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्यास प्रारंभ केला. टाटा मेमोरियल रुग्णालय गुवाहाटीच्या बरुआ कर्करोग संस्थेशी आणि चिपळूणजवळील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाशी जोडले गेले. त्याच दशकात राज्य शासनाच्या प्रकल्पात केईएम रुग्णालय हे तज्ज्ञांचे केंद्र ठरले व सिंधुदुर्ग, सातारा, बीड, लातूर आणि नंदुरबार येथील जिल्हा रुग्णालये त्याला जोडण्यात आली. परळमध्ये बसलेले तज्ज्ञ नंदुरबारच्या रुग्णाचे क्ष-किरण चित्र पाहून सल्ला देऊ लागले.

या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जिचे महत्त्व आम्हाला फार उशिरा कळले. तारेच्या दोन्ही टोकांना डॉक्टर होते. परळच्या तज्ज्ञाने “पोट दाबून पाहा, यकृत हाताला लागते का?” असे विचारले, तर पलीकडे ते दाबून पाहणारे हात शिकलेले होते. शासनाची ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचेही पहिले रूप असेच होते. आरोग्यवर्धिनी केंद्रात, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रुग्णाशेजारी प्रशिक्षित आरोग्य अधिकारी बसत असे. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात तिचे दुसरे रूप आले, ज्यात रुग्ण घरूनच थेट डॉक्टरशी बोलू लागला. फेब्रुवारी 2023 पर्यंत या सेवेने 10 कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला होता. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण पलीकडचे शिकलेले हात त्यातून निघून गेले. आता तेथे रुग्णाचे स्वतःचे, नाहीतर सुनेचे वा नातवाचे हात असतात. दुसऱ्याच्या न शिकलेल्या हातांनी आणि डोळ्यांनी रुग्ण तपासायचा, हे नव्या डॉक्टरपुढचे खरे काम आहे आणि ते पुस्तकात सहसा सापडत नाही.

नियम काय सांगतात

2020 पूर्वी या क्षेत्रात बरीच संदिग्धता होती. जुलै 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दूरध्वनीवरून औषध सांगण्याच्या एका प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनीही काही काळ फोन उचलणे कमी केले होते. 25 मार्च 2020 रोजी केंद्र शासनाने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेला जोडली गेली. नोंदणीकृत डॉक्टरला दूरस्थ सल्ला देता येईल, हे त्यांनी स्पष्ट केले.

तत्त्वे वाचण्यास अवघड नाहीत. डॉक्टरने स्वतःची व रुग्णाची ओळख पटवावी. रुग्णाने स्वतः संपर्क साधला असेल तर त्याची संमती गृहीत धरली जाते. अन्य कोणी साधला असेल तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. अल्पवयीन रुग्णाबरोबर मोठे माणूस हवे. काही औषधे कोणत्याही प्रकारे बोलून देता येतात, काही पहिल्या भेटीत केवळ दृश्य संभाषणानंतरच, काही फक्त पुनर्भेटीच्या वेळी, आणि अमली व तत्सम औषधे कधीच नाहीत. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासणी झाली असेल, तरच ती पुनर्भेट मानली जाते. नोंदी जपून ठेवाव्यात. दूरस्थ सल्ला पुरेसा आहे की रुग्णाला बोलावून घ्यावे, याचा निर्णय डॉक्टरच्या विवेकावर सोपवलेला आहे. दूरस्थ सल्ला देऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांनी तीन वर्षांत एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशीही तरतूद त्यात करण्यात आली होती.

आम्हा कार्यालयीन मंडळींना ही तत्त्वे फार आवडली. त्यांवरून रकाने आखता येतात! आम्ही लगेच एक छापील नमुना तयार केला: ओळख, संमती, तक्रार, औषध, पुढील तारीख. नमुना भरला की काम नियमानुसार झाले, अशी आमची समजूत होती.

एका नमुन्याची गोष्ट

टाळेबंदीतील गोष्ट आहे. कुडाळकडील एक वृद्ध रुग्णबाई आमच्याकडे हृदयविकारासाठी अनेक वर्षे येत होत्या. त्यांचे यजमान पूर्वी गिरणीत होते. मुंबईस येणे बंद झाल्यावर आमच्या एका तरुण डॉक्टरने त्यांना ठरलेल्या दिवशी फोन केला. फोन सुनेने उचलून सासूबाईंकडे दिला. “मावशी, बऱ्या आहात ना?” “हो, बरी आहे डॉक्टर. तुम्ही कसे आहात? जपा बाबा.” “गोळ्या चालू आहेत ना?” “चालू आहेत.” “दम वगैरे?” “आता वयच झालं.” नमुन्यात ‘प्रकृती स्थिर, औषधे पूर्ववत’ अशी नोंद झाली. चौथ्या दिवशी पहाटे त्यांना फुप्फुसांत पाणी साचल्याने गावाकडे रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने त्या वाचल्या.

नंतर सुनेने सांगितले की, फोन चालू असताना ती शेजारी उभी राहून मानेने ‘नाही, नाही’ असे करीत होती. आठवडाभर सासूबाईंना आडवे होता येत नव्हते. त्या भिंतीला टेकून बसून झोपत. सासूबाई स्वतः बोलत असताना मध्येच आपण कसे बोलावे, असे तिला वाटले. आम्ही तो नमुना काढून पाहिला. एकही रकाना रिकामा नव्हता. संमतीसमोर खूण होती, वेळ लिहिलेली होती, सही होती. हिशेब तपासनीसाने त्यात काही दोष काढला नसता.

त्या तरुण डॉक्टरला आम्ही दोष दिला नाही, आजही देत नाही. हीच बाई बाह्यरुग्ण विभागात आली असती, तर तिला दारातून खुर्चीपर्यंत येताना पाहूनच त्याने ओळखले असते. पाच वर्षे त्याला डोळ्यांनी पाहणे, हातांनी चाचपणे आणि कानांनी ऐकणे शिकवले गेले होते. डोळे व हात काढून घेतल्यावर काय करायचे, हे कोणी शिकवले नव्हते. फोन करण्याचा आदेश मात्र आमचाच होता.

वर्ग कसा चालतो

यानंतर आमच्या एका निवृत्त मानद वैद्यांनी पुढाकार घेतला आणि आमच्याकडे अनुभवासाठी येणारे अंतिम वर्षाचे विद्यार्थी व आंतरवासिता करणारे तरुण डॉक्टर यांच्यासाठी एक छोटा वर्ग सुरू केला. वर्ग संगणकाच्या पडद्यावरच भरतो. प्रारंभी ही नाइलाजाची तजवीज होती. पुढे टाळेबंदी उठली तरी सरांनी तो सभागृहात भरवण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, पोहणे शिकवायचे तर पाण्यातच उतरवावे लागते. विद्यार्थी जो पडदा वापरून रुग्णाशी बोलणार, त्याच पडद्यावर तो शिकला तर आवाज तुटणे, चेहरा अंधारात जाणे, मागे कुकरची शिटी होणे या सर्वांसह शिकतो.

एका वेळी चार जण असतात. एक विद्यार्थी डॉक्टर होतो, दुसरी व्यक्ती रुग्ण, तिसरी घरातील नातेवाईक, आणि चौथा विद्यार्थी आपला कॅमेरा बंद ठेवून केवळ टिपणे काढतो. रुग्ण व नातेवाईक यांची कामे आमच्या परिसरातील ज्येष्ठ नागरिक करतात. त्यांना आधी एक कागद दिला जातो: तुम्हाला काय होते आहे, त्यातले काय आपणहून सांगायचे आणि काय विचारल्याशिवाय सांगायचे नाही. लालबागच्या नाट्यमंडळांत काम केलेली काही मंडळी यात आहेत. कधी कधी ती भूमिकेत इतकी शिरतात की त्यांना आवरावे लागते, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे.

पहिला धडा आजाराचा नसतोच. संभाषण सुरू होताच विचारायचे: “तुम्ही आत्ता कोठे आहात? जवळ कोण आहे? फोन तुटला तर दुसरा नंबर कोणता?” रुग्णाला बोलता बोलता भोवळ आली तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका पाठवायची कोठे, हे केसपेपरवरच्या जुन्या लालबागच्या पत्त्यावरून कळणार नाही. मग शेजारच्या व्यक्तीशी स्वतंत्र बोलायचे, पण रुग्णाला विचारून आणि त्याचा मान राखून: “मावशी, सूनबाईंनाही दोन प्रश्न विचारू का? औषधे त्याच देतात ना?” हे एक वाक्य कुडाळच्या प्रसंगातून आमच्या वर्गात आले आहे.

त्यानंतर प्रश्न बदलायला शिकवले जाते. “दम लागतो का?” याला आपल्याकडील वृद्ध माणूस “वयच झालं” असेच उत्तर देणार. म्हणून विचारायचे: “रात्री उश्या किती घेता? मागच्या महिन्यात किती घेत होता? विहिरीवरून येताना मध्ये कोठे थांबता? पूर्वी थांबत होता का?” हृदयरुग्णाच्या घरी वजनकाटा असेल तर रोजचे वजन वहीत लिहिण्यास सांगायचे, तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, तर ते बहुधा अंगात साठलेले पाणी असते. काटा नसेल तर चपलेचा पट्टा घट्ट होतो का, हे विचारायचे. परप्रांतातून वा अन्य जिल्ह्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना छातीत भरून येणे, जीव कासावीस होणे, अंगात कणकण असणे, पोटात गोळा उठणे या शब्दांची यादीच करून द्यावी लागली. प्रत्यक्ष भेटीत रुग्ण छातीवर हात ठेवून दाखवतो. फोनवर केवळ शब्दच हाती असतात.

दुसऱ्याच्या हातांनी तपासण्याचा सराव यापुढे येतो. सुनेला सांगायचे, सासूबाईंच्या नडगीवर घोट्याच्या वर अंगठा थोडा वेळ दाबून धरा आणि काढा. खड्डा राहिला का? ओढणी बाजूला करून छाती वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजा, पण मोजत आहात हे त्यांना सांगू नका, नाहीतर श्वासाची गती बदलते. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र वापरताना नखावर रंग वा मेंदी आहे का, हात थंड आहे का, हे आधी विचारा. ओठ निळसर झाले आहेत का, हे सावळ्या वर्णाच्या माणसात पिवळ्या दिव्याखाली पडद्यावर सहसा कळत नाही. तेव्हा “मला दिसत नाही, तुम्ही उजेडात नेऊन पाहा” असे मोकळेपणाने सांगा. त्वचेच्या विकारात हलत्या चित्रापेक्षा दिवसाच्या उजेडात काढलेले स्थिर छायाचित्र अधिक उपयोगी पडते. ‘पांढरी गोळी चालू आहे’ यावर विसंबू नका, पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. शेवटी रुग्णाला विचारायचे: “आता आपले काय ठरले, ते तुम्ही मला सांगा.” या शेवटच्या प्रश्नाला विद्यार्थी लाजतात, आणि यानेच सर्वांत अधिक चुका उघडकीस येतात.

काय करू नये, हेही शिकवावे लागते. रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावून दम ठरवण्याची पद्धत 2020 मध्ये बरीच पसरली होती. ऑक्सफर्ड विद्यापीठातील तज्ज्ञांनी त्याच वर्षी तिच्यावर विसंबू नये असे सांगितले, कारण तिची पुरेशी पडताळणी झालेली नव्हती आणि तिच्यामुळे खोटा दिलासा मिळण्याचा धोका होता. आमचे सर ही पद्धत मुद्दाम करायला लावतात. रुग्णाची भूमिका करणारे गृहस्थ ठणठणीत आवाजात आकडे मोजतात आणि मग आपल्या कागदावरची ऑक्सिजनची पातळी वाचून दाखवतात. विद्यार्थी गप्प होतात.

सर्वांत कठीण धडा म्हणजे “आता फोनवर पुरे, तुम्हाला तपासायलाच हवे” असे म्हणणे. ऐकायला सोपे आहे. पण पलीकडचा माणूस म्हणतो, “डॉक्टर, एसटीला पैसे नाहीत, गोळी सांगा ना,” तेव्हा एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी नाही म्हणणे सोपे नसते. विद्यार्थी विरघळतात आणि गोळी सांगतात. म्हणून नकारानंतरचे वाक्यही शिकवले जाते. मुंबईस या, असे न म्हणता जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, तेथे आज कोण आहे, त्यांना मी फोन करून सांगतो, असे म्हणायचे आणि तसा फोन खरोखर करायचा.

अशी सराव-सत्रे झाल्यावरच विद्यार्थी खऱ्या रुग्णाच्या संभाषणात बसतो, तेही प्रथम मूक श्रोता म्हणून. तो हजर आहे हे रुग्णाला आधी सांगितले जाते व त्याची परवानगी घेतली जाते. काही रुग्ण नाही म्हणतात, आणि तेथे विषय संपतो.

गेल्या काही वर्षांत इतरत्रही या दिशेने विचार झाला आहे. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने 2021 मध्ये टेलिमेडिसिनसाठी डॉक्टरला कोणती कौशल्ये हवीत, याची यादी सहा गटांत प्रसिद्ध केली. तीत तंत्रज्ञान हा एक गट आहे. उरलेले पाच रुग्णाची सुरक्षितता, सर्वांना सेवा मिळणे, संवाद, माहिती मिळवून निदान करणे, आणि नीती व कायदा यांविषयी आहेत. आमचा अनुभवही हेच प्रमाण सांगतो. यंत्र चालवणे तरुणांना शिकवावे लागत नाही, तेच आम्हाला शिकवतात.

वर्गात कधी कधी आयता धडाही मिळतो. भूमिगत टाक्या बांधल्यापासून हिंदमाताचे पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते. तरीही मुसळधार पावसाच्या एका दुपारी रस्ता बंद झाला आणि बाह्यरुग्ण विभागात कोणी पोहोचू शकले नाही. सर गिरगावात, विद्यार्थी ठाण्यात, रुग्णाची भूमिका करणाऱ्या आजी लालबागच्या चाळीत. वर्ग सुरू झाला, आणि छातीत दुखण्याचे सोंग चालू असतानाच आजींचा पडदा काळा झाला. वीज गेली होती. विद्यार्थ्याने दुसरा नंबर विचारलेला नव्हता. आजींनी नंतर शेजाऱ्याच्या फोनवरून त्याला अशी काही खरडपट्टी काढली की सरांना वेगळे बोलावे लागले नाही.

खर्चाविषयी थोडेसे

या उपक्रमाचा खर्च यंत्रांच्या तुलनेत किरकोळ आहे, तरी तो उभा करणे सोपे गेले नाही. देणगीदार सोनोग्राफीचे यंत्र आनंदाने देतात. त्यावर नावाची पाटी लावता येते, उद्घाटन करता येते. प्रशिक्षणावर पाटी कोठे लावणार? आम्ही स्वतःही वर्षानुवर्षे यंत्राला मालमत्ता आणि शिकवण्याला खर्च म्हणूनच लिहीत आलो आणि लेखाशास्त्राप्रमाणे पुढेही तसेच लिहिणार आहोत. विश्वस्त मंडळाने यंदा या शीर्षाखाली स्वतंत्र तरतूद मंजूर केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. जुना छापील नमुना रद्द केलेला नाही. त्यात ‘उश्या किती’, ‘जवळ कोण होते’ आणि ‘रुग्णाने परत काय सांगितले’ हे तीन रकाने वाढवले आहेत, आणि ‘प्रकृती स्थिर’ हे दोन शब्द एकटेच लिहिलेले आढळल्यास नमुना परत पाठवण्याच्या सूचना नोंदणी विभागास दिल्या आहेत.

कुडाळच्या त्या बाईंशी आजही दरमहा बोलणे होते. फोन सूनबाई धरतात आणि कॅमेरा आधी सासूबाईंच्या पायांकडे नेतात.

वर्ग दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार भरतो. रुग्णाची व नातेवाइकांची भूमिका करण्यासाठी आम्हाला आणखी ज्येष्ठ नागरिक हवे आहेत, विशेषतः मालवणी, वऱ्हाडी किंवा खानदेशी बोलणारे. स्मार्टफोन असल्यास उत्तम, नसल्यास रुग्णालयातील संगणकासमोर बसता येईल. मानधन नाही, येथे आल्यास चहा मिळतो. इच्छुकांनी कार्यालयीन वेळेत पहिल्या मजल्यावरील नोंदणी विभागात नाव द्यावे, ही विनंती.